बियाण्याचा दुधी

साउथहॅम्प्टनमध्ये पस्तीस वर्षे काढूनही सुप्रभाबाईंनी तिथल्या हवामानाचे म्हणणे कधी मान्य केले नव्हते. टीव्हीवरची मुलगी रोज संध्याकाळी नकाशासमोर उभी राहून हसतमुखाने पाऊस जाहीर करी, आणि सुप्रभाबाई खुर्चीतूनच तिला "बघू" म्हणून सांगत. हवामानानेही एकंदरीत दबून राहणेच पसंत केले असावे. शेजारच्या मिस्टर प्रिचर्डांच्या बागेत तीन जातींच्या शोभेच्या दगडांखेरीज फारसे काही उगवत नसे. सुप्रभाबाईंच्या परसात मात्र मेथी, मिरच्या, घेवडा, टोमॅटो आणि दुधी एवढी मंडळी मुकाट्याने वाढत.

त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, उन्हाळा लांबला आणि ऑक्टोबर अर्धा सरला तरी दंव पडले नाही. दिवाळीच्या आधीच्या रविवारी सुप्रभाबाईंनी हंगामाची शेवटची तोडणी जाहीर केली, आणि त्याच दिवशी तोडणीचे जेवण. जेवायला नीना आणि संजय हे पुण्याचे जोडपे यायचे होते. आठ महिन्यांपूर्वी कामाच्या व्हिसावर आलेली ही मुले सुपरमार्केटातल्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम फुटलेल्या घेवड्याला अजून 'फ्रेश' म्हणत. त्यांना खरी भाजी कोणीतरी दाखवणे भाग होते, आणि असले कोणीतरी सुप्रभाबाईंच्याखेरीज त्या शहरात कोण होते?

घरात माणसे मोजकी. यजमान डॉक्टर पद्माकर, निवृत्त भूलतज्ज्ञ. तीस वर्षे त्यांनी रुग्णालयात इतरांना भूल दिली आणि घरी स्वतः घेतल्यासारखे राहिले; संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच, असे सुप्रभाबाईंचे मत. मुलगा मिलिंद. सून आसावरी, नागपूरची. संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढण्यासाठी तिला एक कंपनी पगार देत असे. लोकांच्या चुका काढायला पगार मिळतो हे ऐकून सुप्रभाबाईंना आपले अर्धे आयुष्य फुकट गेल्यासारखे वाटले होते. आणि आठ महिन्यांची नात वरदा, जिच्या मताला अजून घरात वजन नव्हते.

परसातला सर्वांत मानाचा मानकरी म्हणजे दुधी. १९७१ साली वाईहून निघताना सुप्रभाबाईंच्या आईने रुमालाच्या गाठीत सात बिया बांधून दिल्या होत्या. त्या वाणाची ही पस्तिसावी पिढी. दरवर्षी काचघरातल्या वेलावरचा एक दुधी बियाण्यासाठी राखायचा. तो कापायचा नाही, मोजायचा नाही, त्याचे कौतुक करायचे नाही आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवायचे नाही. बोट दाखवले की कोवळे फळ सडते. हा शेवटचा नियम सुप्रभाबाई कोणाला सांगत नसत, कारण त्या घरात अंधश्रद्धा पाळली जात नसे. त्या फक्त बोट दाखवणाऱ्याचा हात खाली करीत.

महाराष्ट्र मंडळातल्या बायका बिया मागत. त्यांना ठरलेले उत्तर होते: "पुढच्या वर्षी." एक बाई नऊ वर्षे मागून शेवटी ब्रिस्टलला राहायला गेली. त्यामुळे हा वाण साऱ्या इंग्लंडात फक्त एका घरी होता, याचा सुप्रभाबाईंना अभिमान होता. अभिमानाची दुसरी बाजू त्यांना या वर्षी दिसली. गेल्या हंगामातल्या दुधीत भरीव बिया निघाल्या बारा. बाराही मे महिन्यात पेरल्या. अकरा रोपे गोगलगायींनी खाल्ली, एक वेल जगला. बियांचा डबा रिकामा. यंदाचा बियाण्याचा दुधी वाळला नाही, तर वाईची ती गाठ कायमची सुटली.

आणि दुधी टिकेना. पहिला राखला, तर विजेचे मीटर वाचायला आलेल्या माणसाने काचेवर बोट टेकवून "हे काय आहे?" असे विचारले, चौथ्या दिवशी तो गळला. दुसऱ्याला डॉक्टरसाहेबांनी कुतूहलाने शिवणाची टेप लावली. तो आठव्या दिवशी गळला, आणि डॉक्टरसाहेबांनी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर स्वतःहून तोंड उघडले नाही. तिसरा धरला तेव्हा सुप्रभाबाई एका दुपारी सुनेच्या खोलीत गेल्या, तिच्या आरशापुढची काजळाची डबी उघडली, आणि बोटभर काजळ घेऊन काचघरात येऊन दुधीच्या डाव्या अंगाला ठसठशीत तीट लावली.

ही गोष्ट कोणाला सांगण्यासारखी नव्हती. त्याचे कारण एप्रिलमधले बारसे.

ते काजळ आसावरीच्या आईने, सुमेधाबाईंनी, घरी धरलेले. एरंडेलाच्या दिव्यावरचे, त्यात भीमसेनी कापूर. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या नागपूरहून आल्या होत्या, आणि बारशाच्या दिवशी त्यांनी नातीच्या डाव्या गालावर छोटीशी तीट लावली. सुप्रभाबाईंनी चाळीस पाहुण्यांसमोर ओला टिश्यू मागवला, तीट पुसली आणि सांगितले, "या घरात डॉक्टर आहेत, सुमेधाबाई. पोरीच्या तोंडाला काजळी फासण्याची आमच्याकडे पद्धत नाही." सुमेधाबाईंनी डबी मिटून लेकीच्या हातात दिली. दोन्ही घरांत त्यानंतर गणपतीत एकच फोन झाला, तोही मिलिंदने आईच्या कानाला नेऊन लावला म्हणून.

तेव्हा दुधीला तीट ही श्रद्धा नव्हती. तो प्रयोग होता. दोन दुधी बिनतिटीचे होते, ते गेले. तिसरा तिटीचा होता, तो हातभर वाढला. डॉक्टरसाहेबांनी याला पुरावा म्हटले नसते, पण डॉक्टरसाहेबांना विचारायला कोण गेले होते? तीट फिकी झाली की सुप्रभाबाई ती पुन्हा ठळक करीत, आणि वर एक मोठे पान ओढून ठेवत.

पण सप्टेंबरात टोमॅटोवर करपा आला. सुप्रभाबाईंनी त्याच दिवशी पांढऱ्या पुठ्ठ्यावर आपल्या वळणदार अक्षरात सूचना लिहून काचघराच्या दाराला लावली: 'काळा डाग दिसताच कापणे. चौकशी करू नये.' सूचना उत्तम होती. आपल्या सूचनेत काही उणे राहू शकते हा विचार त्यांना शिवला नाही. तसा तो पूर्वीही कधी शिवला नव्हता.

रविवारी अकरा वाजता तोडणी सुरू झाली, म्हणजे सुप्रभाबाई परसात खुर्ची टाकून बसल्या आणि बाकीचे वाकले. मिलिंद घेवड्याच्या काठ्यांशी झटत होता. संजयला मेथी खुडायला लावले होते, आणि तो ती मुळासकट उपटून शर्टाला माती लावून घेत होता.

"संजय, मेथीशी तुझं काही वैर आहे का?"

"नाही काकू, का?"

"मग मुळं राहू दे तिची."

नीना नव्या डिजिटल कॅमेऱ्याने प्रत्येक मिरचीचा स्वतंत्र फोटो काढत होती. "काकू, ॲक्च्युअली हे सगळं ऑरगॅनिक आहे ना?"

"भाजी आहे," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"आणि तो वेल, त्या तिकडे, तो कशाचा?" नीनाचे बोट काचघराकडे निघाले.

"हात खाली घे. काच तापलेली असते."

ऑक्टोबरची ती काच, हात लावला तर हात गारठावा अशी होती. पण नीनाने हात खाली घेतला. इतक्यात स्वयंपाकघरातून कुकरची तिसरी शिट्टी आली, आणि डॉक्टरसाहेबांवर चौथी शिट्टी सोपवणे धोक्याचे होते. सुप्रभाबाई उठल्या. "आसावरी, काचघर तू उरक. मिरच्या, टोमॅटो, लहान दुधी तीन आहेत तेवढे काढ. करप्याचं काही दिसलं तर दारावर लिहिलंय."

"हो आई," आसावरी म्हणाली, आणि कात्री घेऊन आत गेली.

जेवण दीड वाजता झाले, आणि ते जेवण होते. भरल्या मिरच्या, खोबरे घालून घेवडा, मेथीची गोळा भाजी, हिरव्या टोमॅटोची चटणी, दुधीची दाण्याचे कूट घातलेली भाजी. भाजी झाडावरून ताटात यायला दोन तास लागले होते, आणि सुप्रभाबाईंनी हे दोनदाच सांगितले. संजयने मिरची देठासकट खाल्ली. नीनाने आधी ताटाचा फोटो काढला, मग एक घास घेतला, आणि नंतर बराच वेळ कॅमेऱ्याची आठवण काढली नाही. त्या शांततेवर सुप्रभाबाई प्रसन्न झाल्या. त्या उभ्याने भातावर तूप वाढत होत्या.

"आई, काचघर सगळं झालं," आसावरी म्हणाली. "तो मागचा मोठा दुधी, पानाआडचा, त्याला काळा डाग होता. तो कापला."

तुपाची धार संजयच्या भातावर चालूच राहिली.

"काकू, बास," संजय म्हणाला. "काकू, भात दिसत नाहीये."

सुप्रभाबाईंनी वाटी सरळ केली. डॉक्टरसाहेब मात्र कितीतरी वर्षांनी टेबलावर उत्सुक झाले. "दुधीला काळा डाग? कसा होता?"

"गोल. एकच. डाव्या बाजूला, वरच्या अंगाला."

"कडा कशा होत्या?"

"एकदम क्लीन, बाबा. कोणी बोटानं ठेवल्यासारख्या."

"विचित्र आहे. बुरशी अशी एकटीदुकटी येत नाही. ठेवायचा होतास, मी पाहिला असता."

"पण कार्डावर लिहिलंय ना, चौकशी करू नये."

"जे लिहिलंय ते योग्यच लिहिलंय," सुप्रभाबाई म्हणाल्या. मग चटणीची वाटी उगाच सरळ करीत, जणू वाटीलाच विचारावे तसे, "टाकलास कुठे?"

"कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यात. रोगट माल खतात घालायचा नाही, हे तुम्हीच सांगितलंय. उद्या सकाळी त्यांची गाडी येते."

नीनाला नेमका हाच मुहूर्त सापडला. "काकू, मला द्याल का दुधीच्या बिया? मी बाल्कनीत ट्राय करीन."

"पुढच्या वर्षी," असे म्हणण्यासाठी सुप्रभाबाईंनी तोंड उघडले, आणि शब्द आला नाही. पस्तीस वर्षे हे उत्तर त्या ऐटीत देत आल्या होत्या. आज पहिल्यांदा त्यामागे काहीच शिल्लक नव्हते. त्यांनी नीनाला न विचारता आणखी घेवडा वाढला.

"आणि बाबा," आसावरी शांतपणे पोळी मोडत म्हणाली, "ती बुरशी हाताला लागते. साबणानं जात नव्हती. खोबरेल तेलानं गेली. वास पण छान येतो तिला, कापराचा."

"कापराचा?" डॉक्टरसाहेबांची नजर सावकाश पत्नीकडे वळली. अडतीस वर्षांच्या संसारात माणूस जे शिकतो ते त्या नजरेत होते. मग त्यांनी ती तशीच सावकाश ताटाकडे परत आणली. "मग ती मला माहीत नाही," ते म्हणाले. "आणि माहीत करून घ्यायचीही नाही. जरा मेथी दे."

हलव्याची वेळ होताच सुप्रभाबाई कोणाला काही न सांगता घराच्या पुढच्या बाजूला गेल्या. अंगावर पाहुण्यांसाठी नेसलेली जांभळी इरकल, हातात भांडी घासायचे पिवळे रबरी मोजे. कौन्सिलच्या डब्याचे झाकण उघडून त्या खांद्यापर्यंत आत वाकल्या. करपलेले टोमॅटोचे वेल निघाले, घेवड्याची जून पाने निघाली, चहाची पूड निघाली.

कुंपणापलीकडून मिस्टर प्रिचर्डांनी विचारले, काही हरवले आहे का.

"मी काही हरवत नाही," सुप्रभाबाईंनी त्यांना त्यांच्याच भाषेत कळवले. "मी तपासणी करते आहे." मिस्टर प्रिचर्ड आपल्या दगडांकडे परत गेले.

डबा तळापर्यंत पाहून झाला. दुधी नव्हता.

"आई, काय शोधताय?"

आसावरी दारात उभी होती, वरदा तिच्या कडेवर.

"तो दुधी कुठे आहे?"

"कुठला? डागाचा?"

"बियाण्याचा."

"तो बियाण्याचा होता?" आसावरीने आश्चर्य दाखवले, पण अगदी जरुरीपुरतेच. "मग त्याला डाग कसला होता, आई?"

सुप्रभाबाई पिवळे मोजे घालून त्या उघड्या डब्याशी उभ्या राहिल्या, आणि उत्तरे त्यांच्यापुढे एकामागून एक येऊन गेली. शाई म्हणावे, तर दुधीवर कोणी काय लिहीत होते? ग्रीस म्हणावे, तर त्याला कापराचा वास कुठून? मिलिंदच्या माथी मारता आले असते. लहानपणापासून बरेच मारलेही होते. पण मग दुधी कुठे आहे ते कोण सांगणार? उद्या सकाळी गाडी येणार होती. सून समोर उभी होती, आणि तिला तर चुका शोधण्याचाच पगार मिळत होता.

"तीट होती," सुप्रभाबाई म्हणाल्या.

"कोणी लावली?"

"दुधीनं स्वतः लावून घेतली नाही, एवढं तुला कळतं." मग मोजे काढत, आसावरीकडे न पाहता त्या म्हणाल्या, "मी. तुझ्या डबीतली. तीन वेळा."

आसावरी हसली असती, तर पुढची दहा वर्षे त्या घरात काही खरे नव्हते. ती हसली नाही.

"मी मुद्दाम नाही कापला, आई. पान बाजूला केलं, काळं दिसलं आणि कात्री मारली. मग बोटाला लागलं. वास घेतला, तर आमच्या आईचं काजळ." तिने वरदाला दुसऱ्या कडेवर घेतले. "मग मी तो कसा टाकेन?"

"मग मला या डब्यात हात कशाला घालायला लावलास?"

"बारशाच्या वेळी चाळीस माणसं होती," आसावरी म्हणाली. "आत्ता तर फक्त मिस्टर प्रिचर्ड होते."

यावर सुप्रभाबाईंना बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्यांनी ते सारे, हंगामात प्रथमच, राखून ठेवले.

दुधी वरच्या मजल्यावर, बॉयलरच्या उबदार कपाटात होता. वरदाच्या लहान झालेल्या कुंचीत गुंडाळून, टॉवेलांच्या घडीवर निजवलेला. कुंची सुमेधाबाईंनी शिवलेली, हिरवे काठ लावलेली. तिच्यातून दुधीचे टक्कल आणि डाव्या गालावरची तीट तेवढी दिसत होती.

"गुंडाळायला दुसरं काही मिळालं नाही?"

"मऊ हेच होतं."

सुप्रभाबाईंनी दुधी उचलला. सालीवर नख रोवून पाहिले. नख शिरले नाही. देठ कोरडा पडू लागला होता. कानाशी धरून हलवला, अजून वाजत नव्हता. वेलावर आणखी तीन आठवडे मिळाले असते, तर खात्री देता आली असती. ज्यांनी आयुष्यात कशाचीही खात्री दिल्यावाचून वाक्य संपवले नव्हते, त्या सुप्रभाबाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. संक्रांतीपर्यंत इथेच राहू दे. मग फोडून बघू."

"कुंची काढू?"

"असू दे," त्या म्हणाल्या, आणि त्याला पुन्हा निजवून कुंचीचे बंद नीट केले. मग वळल्या. "डबी आण."

आसावरीने डबी आणली. सुप्रभाबाईंनी करंगळीवर काजळ घेतले, नातीची हनुवटी धरली आणि डाव्या गालावर, बरोब्बर एप्रिलमधल्या जागी, तीट लावली. वरदाने त्यांची करंगळी चोखण्याचा प्रयत्न केला आणि नाकालाही थोडे काजळ लावून घेतले.

"आई, हे..."

"प्रयोग सिद्ध झाला की तो मान्य करावा लागतो. तुझ्या सासऱ्यांना विचार."

त्या नातीला घेऊन खाली आल्या तेव्हा सारे हलव्यावर होते. मिलिंदने मुलीच्या गालाकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि तोंड उघडले. डॉक्टरसाहेबांनी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय ठेवला.

"मिलिंद, नागपूर लाव."

"आत्ता? तिकडे आठ वाजले असतील."

"जागी असतात माणसं आठला."

फोन लागला. सुप्रभाबाईंनी तो ताठ मानेने, साऱ्यांच्या देखत, उभ्यानेच घेतला.

"सुमेधाबाई, सुप्रभा बोलते आहे. सगळे बरे आहेत. तुमचं काजळ संपत आलंय, ते आणखी हवं आहे." पलीकडून तीच गोष्ट दोनदा विचारली गेली, अंतर मोठे असल्यामुळे असे होते. "नाही, आसावरीसाठी नाही. वरदासाठी. हो, मीच लावली, आत्ताच. ... आणि घरात आणखी एक नाजूक प्रकृतीचा आहे, त्याच्यासाठी. ते आसावरी सांगेल. ... नाही, कापूर नेहमीइतकाच असू दे." त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. पुढचे वाक्य त्यांनी पस्तीस वर्षांत कोणाला म्हटले नव्हते, त्यामुळे ते जरा हुकमासारखेच निघाले. "संक्रांतीनंतर दुधीच्या बिया पाठवते, अर्ध्या. निघाल्या तर. तिकडेही असलेल्या बऱ्या. पेरायच्या आधी रात्रभर भिजवा. आणि कोणाला बोट दाखवू देऊ नका."

फोन ठेवला. आसावरीने हलव्याची पहिली वाटी सासूपुढे सरकवली. इतर चौघे केव्हाच दुसऱ्या वाटीवर होते. सुप्रभाबाईंनी बसून चमचा उचलला. हलव्यात साखर रतीभर कमी होती. ती डॉक्टरसाहेबांनी मोजली होती, तेव्हा त्यावर आज काही बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले.

"काकू," नीना उत्साहाने म्हणाली, "म्हणजे बिया निघाल्या तर मला पण?"

सुप्रभाबाईंनी घास संपवला, रुमालाने ओठ टिपले, आणि नीनाकडे मोठ्या मायेने पाहिले.

"तुला पुढच्या वर्षी," त्या म्हणाल्या.